मतदान कार्डावर परदेश

आमच्या शिरूर तालुक्यातून परदेशी जायचे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे मुलगा आयटीत असावा आणि सून बाळंत व्हावी. आईबापांचं अमेरिकेचं तिकीट डोहाळजेवणाच्या आधी येतं. दुसरा सरकारी अभ्यासदौऱ्याचा. परदेशात ठिबक कसं करतात ते बघायला शेतकरी जातात, पण त्यासाठी शेतीपेक्षा ओळखी जास्त पिकवाव्या लागतात. तिसरा मार्ग आम्हा उरलेल्यांचा, म्हणजे यात्रेची बस. तिला पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही, इंग्रजी लागत नाही. लागतं फक्त मतदान कार्ड आणि बऱ्यापैकी गुडघे. भारत आणि नेपाळ यांच्यात 1950 साली मैत्रीचा करार झाला, तो बहुतेक यात्रा कंपन्यांच्याच विनंतीवरून झाला असावा, अशी मला दाट शंका आहे.

आमच्या कवठे येमाईत अशा यात्रेचं गुलाबी पत्रक किराणा दुकानातल्या पुड्यांबरोबर घरोघर पोचलं. ‘काशी, अयोध्या, गोरखपूर, सुनौली बॉर्डरमार्गे पोखरा, मनकामना, पशुपतिनाथ. टू बाय टू पुशबॅक. चहा, नाश्ता, दोन वेळचं घरगुती जेवण. मौल्यवान वस्तू आपापल्या जबाबदारीवर.’ वर पोखऱ्याच्या सरोवराचा रंगीत फोटो. त्या फोटोत मागे चर्चचं टोक स्पष्ट दिसत होतं, पण पैसे भरून झाले असल्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

यात्रेतलं पहिलं भांडण गाव सोडण्याआधीच, येमाई देवीच्या मंदिरासमोर, नारळ फुटायच्या आत होतं आणि ते खिडकीवरून होतं. बुकिंग करताना प्रत्येकाला खिडकीच देऊ केलेली असते. टू बाय टू बसमध्ये सगळ्यांना खिडकी द्यायची तर निम्म्या लोकांना टपावर बसवावं लागेल, हे गणित यात्राप्रमुखांनी शेवटपर्यंत गुप्त ठेवलं होतं. त्यातून मागच्या चाकावरची सीट नको, दारापाशी नको, टीव्हीखाली नको. आण्णा गावचे माजी उपसरपंच. त्यांनी पहाटेच येऊन तीन नंबरच्या खिडकीवर टॉवेल टाकून ठेवला होता. बसमधल्याच आक्कांनी तो टॉवेल शांतपणे उचलला, त्यानं खिडकीची काच पुसली आणि तिथंच बसल्या.

“आक्का, ती सीट माझी हाय.”

“मग घरी न्या,” आक्का म्हणाल्या आणि जपमाळ काढली.

गावाला तमाशा-वगनाट्याची थोर परंपरा. लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर आमच्याच गावचे. राज्य सरकारचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळालेले. त्या मातीमुळे असेल, पण इथं सवालाला जवाब देण्यात माणूस मागे राहत नाही. आण्णा मागच्या चाकावर जाऊन बसले. मला आतल्या बाजूची सीट मिळाली. मी निवृत्त शिक्षक असल्यामुळे ‘मास्तर काय, कुठंही ॲडजेस्ट करतात’ असं सगळ्यांनी माझ्या वतीनं ठरवून टाकलं होतं.

दुसरा प्रश्न पैशांचा. डिसेंबर 2018 मध्ये नेपाळ सरकारनं 100 च्या वरच्या भारतीय नोटा चालणार नाहीत असं जाहीर केलं होतं. त्यामुळे निघायच्या आधी अख्ख्या बसनं शंभराच्या नोटा जमवल्या. त्या इतक्या झाल्या, की कुणी बनियनच्या चोरखिशात, कुणी औषधाच्या डबीत, कुणी गुडघ्याच्या पट्ट्यात दडवल्या. आमच्यातल्या तात्यांनी आपल्या कुठं ठेवल्यात हे बायकोलाही सांगितलं नाही आणि काशीला पोचेपर्यंत स्वतःही विसरले. पुढचा अर्धा भारत त्यांनी चाचपत पार केला.

तिसरी तयारी खाण्याची. दोन वेळचं जेवण कंपनी देणार हे पैसे भरताना पटलेलं असलं, तरी पोटाला पटत नाही. डिकीत कंपनीचे दोन आचारी, शेगडी, पिठाची पोती, तांदूळ, डाळ, कांद्याच्या गोण्या. वर सीटखाली प्रत्येकाची खासगी रसद: बाजरीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, मासवड्या. (मासवड्या दुसऱ्या दिवशी संपवाव्या लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी संपल्या.) गोरखपूरपर्यंत बसला मध्य प्रदेश लागला, उत्तर प्रदेश लागला, पण वासावरून विचाराल तर आम्ही शिरूरच्या आठवडे बाजारातून बाहेरच पडलो नव्हतो.

देशाची सीमा म्हटलं, की आमच्या मनात टीव्हीवरची वाघा बॉर्डर. तारेचं कुंपण, पाय डोक्यापर्यंत उचलणारे जवान, झेंडे. महाराजगंज जिल्ह्यातली सुनौली आली तेव्हा लागली ती ट्रकची रांग. रांगेच्या कडेनं रिक्षा, सायकली, भाजीच्या पाट्या, शाळेची पोरं आणि एक शेळी असं सगळं इकडून तिकडं चाललेलं. आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान, पलीकडे नेपाळचं स्वागताचं मोठं दार, आणि दोन्हींच्या मधून कुणी दळण घेऊन, कुणी लग्नाचा आहेर घेऊन ये-जा करतंय. आण्णा हिरमुसले. “ही बॉर्डर? यापेक्षा आपल्या टोलनाक्यावर जास्त तपासत्यात.”

आमची बस मात्र अडकली. शेळीला कागद लागत नाहीत, बसला लागतात. परदेशी गाडीला नेपाळात जितके दिवस राहायचं, तितक्या दिवसांचा कर भन्सार कार्यालयात, म्हणजे तिथल्या कस्टममध्ये, भरावा लागतो. वाहतुकीचा परवाना वेगळा. यात्राप्रमुख फायली घेऊन गेले ते गेलेच. ऊन चढलं. आचाऱ्यांनी तिथंच रस्त्याकडेला शेगडी पेटवून पोह्यांना फोडणी दिली. तेवढ्यात आक्का दिसेनात. शोधाशोध झाली. अर्ध्या तासानं त्या पदर सावरत, अगदी प्रसन्न चेहऱ्यानं, समोरून चालत आल्या.

“कुठं गेला होता?”

“बाथरूमला. त्या तिकडं, मोठ्या कमानीच्या पल्याड. लई स्वच्छ हाय. नेपाळ कधी यायचं ओ?”

“आक्का, तुम्ही नेपाळातच जाऊन आला!”

आक्कांनी मागं वळून पाहिलं आणि चटकन हात जोडले. पशुपतिनाथाच्या भूमीवर पहिलं पाऊल असं पडावं, याची त्यांना जरा चुटपुट लागली. आण्णांना मात्र निराळंच दुःख झालं. बसमधली पहिली परदेशवारी, खिडकीपाठोपाठ, आक्कांनीच मारली होती.

मग ओळखपत्रं. मतदान कार्डं निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांच्या काळात, 1993 नंतर, सुरू झाली आणि आमच्यापैकी बऱ्याच जणांचे फोटो त्याच काळातले आहेत. ते शाळेच्या व्हरांड्यात, उन्हात, एका दमात शंभर माणसं काढून घेतलेले. त्यात सगळा गाव एकाच माणसाच्या वेगवेगळ्या जबान्यांसारखा दिसतो. जवानानं तात्यांचं कार्ड हातात घेतलं. कार्डावर काळ्याभोर मिशांचा, केसांचा कोंबडा काढलेला एक जवान गडी. समोर तात्या. डोक्यावर टक्कल, तोंडात कवळी.

“ये आप हैं?”

तात्यांनी फोटोकडे मायेनं बघितलं. “था,” ते म्हणाले.

सौ.च्या कार्डावर पतीच्या नावाच्या जागी तिच्या वडिलांचं नाव होतं. त्यावरून जवानानं मला तीनतीनदा विचारलं, “आप इनके कौन?” मी घशातल्या घशात “पती” म्हणालो. सौ.नं लगेच खुलासा करायला हवा होता. तिनं आधी थोडा विचार केला. उत्तर देताना तिला लागलेला तो वेळ मी अजून विसरलेलो नाही.

दार ओलांडलं आणि घड्याळाचा घोळ सुरू झाला. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं असतं. गौरीशंकर शिखराच्या रेखावृत्तावरून त्यांनी 1986 पासून तशी वेळ धरली आहे. एखाद्या देशानं तासाभराचा फरक ठेवला तर समजतं. पंधरा मिनिटं म्हणजे मराठी माणसाच्या हातात कोलीतच. ज्यांनी भैरहव्यात नेपाळी सिमकार्ड घेतलं, त्यांचे मोबाइल पुढं गेले. ज्यांनी पैसे वाचवले, ते भारतातच राहिले. यात्राप्रमुखांनी जाहीर केलं, “सकाळी सहाला गाडी सुटेल.” बसमधून एकाच वेळी दोन आवाज आले: “कुठले सहा?”

दोनच दिवसांत या प्रश्नाचं उत्तर बसनं आपोआप शोधून काढलं. नाश्त्याला आणि जेवणाला सगळे नेपाळी वेळेनं हजर, गाडीत बसायला मात्र भारतीय वेळेनं. तात्यांना कुणी उशीर का झाला विचारलं, की ते मनगट पुढं करून म्हणत, “आपलं घड्याळ देशी हाय. देश सोडला म्हणून देशाची वेळ सोडायची का?” यावर कुणाला बोलता यायचं नाही. पण बटाटेवड्याचा घाणा निघताना हेच मनगट देशापेक्षा पंधरा मिनिटं आधी रांगेत असे.

सालाचाही असाच घोटाळा. तिथं विक्रम संवत. हॉटेलच्या भिंतीवरचं कॅलेंडर आपल्या इसवी सनाच्या छपन्न-सत्तावन्न वर्षं पुढं. ते पाहून बसमधल्या मावशी हिशोब करत बसल्या आणि घाबऱ्या झाल्या. “मास्तर, आपण जिवंत कसं?”

माझी खरी परीक्षा पाट्यांनी घेतली. नेपाळी देवनागरीत लिहितात. बस सिद्धार्थ राजमार्गाला लागली तसा मी उत्साहानं दुकानांवरच्या पाट्या मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. शिक्षकी पेशाला शोभेल अशा खणखणीत आवाजात. दोन-तीन पाट्या झाल्यावर मागून विचारणा आली, “म्हंजी काय, मास्तर?”

“पुढचा बोर्ड वाचू द्या आधी,” मी म्हणालो. पुढच्या बोर्डानंतरही माझं उत्तर तेच होतं. चौथ्या बोर्डानंतर ड्रायव्हरनं गाणी लावली.

बुटवलपासून रस्ता डोंगरात शिरतो. तिथून तानसेन, स्याङ्जा करत पोखरा गाठायचं. कागदावर सीमेपासून जेमतेम 180 किलोमीटर. शिरूरच्या माणसाला हे अंतर म्हणजे पुण्याला जाऊन येऊन वर आणखी थोडं. पण इथं रस्ता सरळ जाण्याच्या भानगडीतच पडत नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी, मध्ये समोरून येणारा ट्रक आणि त्या ट्रकच्या काचेमागे आपल्याला पाहून हसणारा ड्रायव्हर. माळशेज घाट उठता-बसता उतरणारी माणसं आमची, पण पहिल्याच चढाला पुढच्या चार सीटवरून कॅरीबॅगची मागणी आली.

आणि मग या यात्रेतला सर्वांत मोठा सत्ताबदल झाला. दरीकडची खिडकी कुणालाच नको! ज्यांनी येमाईच्या दारात खिडकीसाठी शपथा घेतल्या होत्या, ते आता “मास्तर, तुम्हाला सीनरी आवडते ना? या हिकडं,” म्हणून आग्रह करू लागले. आक्का डोळे मिटून भराभर माळ ओढत होत्या. सीटच्या कडेला इतक्या सरकल्या होत्या, की जवळजवळ मधल्या वाटेतच बसल्यासारख्या. मागच्या चाकावरून आण्णांचा आवाज आला, “आक्का, खिडकी जड जातीय का? टॉवेल पाठवू?”

अंधार पडल्यावर पोखरा आलं. सकाळी पडदा सरकवला तर समोर फेवा ताल. नेपाळातलं हे दुसऱ्या क्रमांकाचं मोठं सरोवर. हिरवंगार जंगल उतरत पाण्यापर्यंत आलेलं, काठाला रंगीत होड्या, कोवळं ऊन. मी सौ.ला काहीतरी काव्यमय सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारच्या गॅलरीतून आमच्या बसमधल्या शेतकरी भाऊंचा आवाज आला:

“मास्तर, किती टीएमसी असंल?”

घोड आणि कुकडीच्या पट्ट्यातला माणूस पाण्याकडे पाणी म्हणून बघूच शकत नाही. कुकडी प्रकल्पाच्या आवर्तनावरून तीन जिल्हे भांडतात. त्या भांडणात ज्याची हयात गेली, त्याला फुकट पडलेलं सरोवर दिसलं की पोटात कालवतं. होडीत बसल्यावर भाऊंनी नावाड्याची रीतसर चौकशी सुरू केली. पाणी कुठून येतं, जातं कुठं, अडवलंय का? नावाडी चांगलं हिंदी बोलत होता, माझ्यापेक्षा बरंच चांगलं. तो म्हणाला, त्या टोकाला धरण आहे, तिथून पाणी विजेला आणि शेतीला जातं.

“कालवा हाय?” भाऊ सरसावले. “टेलला पाणी पोचतं का?”

नावाड्याला प्रश्न कळला नाही. भाऊंना मात्र उत्तर कळलं. “न्हाई पोचत,” ते आम्हाला म्हणाले. “जगात कुठंच पोचत न्हाई.” आणि एवढं समजल्यावर त्यांना परदेशात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

सरोवराच्या मधोमध बेटावर ताल बाराहीचं दोन मजली छपराचं देऊळ. बायकांनी देवीकडे एकदा पाहिलं आणि निर्णय दिला, “आपल्या येमाईचीच बहीण दिसती.” लगेच पिशव्यांतून खण, नारळ, तांदूळ निघाले. कवठ्याहून आणलेल्या तांदळानं नेपाळात ओटी भरली गेली. सासरी गेलेल्या मुलीला भेटून आल्यासारख्या बायका होडीत परतल्या. पुरुष तोवर लाइफ जॅकेट घालून एकमेकांचे फोटो काढत होते. आण्णांच्या जॅकेटचा पट्टा पोटावर पोचेना, म्हणून त्यांनी ते खांद्यावर उपरण्यासारखं टाकलं होतं.

दुपारी लेकसाइडच्या बाजारात तात्यांच्या अर्थशास्त्राचा उदय झाला. भारताचे शंभर रुपये म्हणजे नेपाळचे एकशे साठ. हा दर कित्येक वर्षं पक्का बांधलेला. तात्यांनी एक लोकरीची टोपी उचलली.

“कितना?”

“एक सौ साठ.”

“सौ देगा!”

दुकानदारानं तात्यांकडे नीट पाहिलं. “आयसी?”

आयसी म्हणजे इंडियन करन्सी, पण तात्यांना वाटलं तो ‘ऐसे’ म्हणतोय. “हां हां, ऐसेही देगा!” त्यांनी आपली भारतीय शंभराची नोट पुढं केली. दुकानदारानं ती कपाळाला लावून गल्ल्यात टाकली. साठ रुपये पाडून घेतल्याच्या आनंदात तात्या संध्याकाळपर्यंत छाती काढून फिरले. त्यांचं यश पाहून बसमधल्या अठरा जणांनी त्याच दुकानातून त्याच भावात त्याच टोप्या घेतल्या. मला गणित कळलं होतं. पण अठरा जणांचा आनंद आणि माझा एकट्याचा हिशोब यांत मी गप्प बसणं पसंत केलं. शिवाय एकोणिसावी टोपी सौ.नं घेतली होती.

भाऊ मात्र टोप्यांच्या दुकानाकडे फिरकलेच नाहीत. ते भाजीच्या गाड्याशी थांबले होते. एक कांदा उचलला, अंगठ्यानं वरचं टरफल चोळलं, मान तपासली, नाकाशी नेला.

“हा आपला. उन्हाळी.”

भाजीवाली म्हणाली, “इंडिया का है.” मग तिनं किलोचा भाव सांगितला. भाऊंनी एकशे साठाला शंभर असा उलटा हिशोब केला, मग खिशातल्या डायरीत घडी घालून ठेवलेली मागच्या हंगामाची पट्टी काढली. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हातात आलेली रक्कम पाहिली. पुन्हा गाड्याकडे पाहिलं. आम्हाला सीमेवर दोन तास अडवलं. कांद्याला कुणी ओळखपत्रही विचारलं नव्हतं आणि इथं त्याचा भाव आमच्यापेक्षा जास्त होता. त्या रात्री भाऊ जेवले नाहीत. भाजीत कांदा होता.

दुसऱ्या दिवशी डेव्हिस फॉल. 1961 साली एक स्विस बाई इथं वाहून गेली, तिच्यावरून हे नाव पडलं. पाणी धबाबा खाली कोसळतं आणि जमिनीच्या पोटात गडप होतं. तिकीट काढून, रांग लावून, कठड्याला टेकून आम्ही ते पाहिलं. मी म्हणणार होतो, ‘वा!’ पण तात्या आधी बोलले.

“यात काय हाय? आपल्या निघोजच्या कुंडाचे रांजणखळगे बघा. कुकडीनं दगड कसा कोरलाय! एका काठाला पुणे जिल्हा, दुसऱ्याला नगर. तिकीट न्हाई, काय न्हाई.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच, कुंडावर परदेशातले अभ्यासक येऊन जातात. आपण मात्र हजारो किलोमीटर येऊन खड्ड्यात पडणारं पाणी बघतोय!

“तुम्ही कुंडाला शेवटी कधी गेला होता, तात्या?” मी विचारलं.

तात्या आठवू लागले. “लग्नाच्या आधी,” ते शेवटी म्हणाले. “जवळ हाय ना. कधीही जाता येतं.”

पोखऱ्यातल्या शेवटच्या दिवशी पहाटे चारला, नेपाळी वेळेनं, सारंगकोट. तिथून सूर्योदयाला माछापुच्छ्रे शिखर सोनेरी दिसतं. उंची 6,993 मीटर. हे शिखर पवित्र मानतात, त्यावर चढायला बंदी आहे. गाइडनं ही बंदी गंभीरपणे सांगितली, पण आमच्यापैकी कुणाचाच तसा बेत नव्हता. आम्हाला पार्किंगपासूनचा चढच जास्त होता. एकसारख्या टोप्या घालून आम्ही शिखराकडे तोंड करून उभे राहिलो, कुणी पाहिलं असतं तर वारकऱ्यांची दिंडी वाटली असती. ढगांनी शिखर झाकलेलंच ठेवलं. सात वाजता एक ढग क्षणभर हलला, पांढरं टोक चमकलं आणि पुन्हा गेलं. भाग्यवंतांनी ते पाहिलं. बाकीचे तेव्हा मोबाइलमध्ये स्वतःचा चेहरा पाहत होते.

पुढं मनकामना, पशुपतिनाथ करून गावी परतल्यावर घरोघर मावंदं झालं. प्रत्येक पंगतीत नेपाळ वेगळं होतं. आण्णांच्या नेपाळात मागच्या चाकावरून हिमालय सगळ्यात जास्त दिसायचा. आक्कांच्या नेपाळात दरीच नव्हती. भाऊंचं नेपाळ कांद्यापाशी सुरू होऊन कांद्यापाशी संपायचं. तात्यांची टोपी पंगतीगणिक स्वस्त होत गेली. शेवटच्या मावंद्याला ती चाळीसला पडली होती.

तेवढ्यात यात्राप्रमुख नवं पत्रक घेऊन आले. यंदा भूतान! जयगावहून फुंत्शोलिंगला दरवाजा ओलांडायचा. मतदान कार्डावर भागतं. फक्त भारतीय पर्यटकाला दर रात्रीचे 1,200 रुपये तिथल्या सरकारला द्यावे लागतात.

“झोपायचे पैसे?” तात्या कडाडले. “मग झोपायचंच कशाला?” त्यांनी पत्रक परत केलं. मग काहीतरी सुचल्यासारखं पुन्हा हातात घेतलं. “घड्याळ किती पुढं असतं तिकडं?”

“अर्धा तास.”

तात्यांनी बोटांवर हिशोब केला. “म्हंजी नाश्ता अर्धा तास आधी आणि गाडीत बसायला अर्धा तास उशीर. सरळ एक तासाचा फायदा!” त्यांनी खिशात हात घातला. “लिहा माझं नाव.”